डावीकडची खिडकी

नाना, आज सकाळी नातीने तिच्या फोनवर मला विमानाचा नकाशा दाखवला. नकाशा म्हणजे आतल्या बसायच्या जागांचा. चौकोनांच्या ओळी, काही भरलेल्या, काही रिकाम्या. ती पहिल्यांदाच एकटी लांब निघाली आहे, नोकरीसाठी, पुण्याहून गुवाहाटीला. "आजी, वाटेत हिमालय दिसतो म्हणे. कुठल्या बाजूची खिडकी घेऊ?" तिने सहज विचारलं, उत्तराची फारशी अपेक्षा न ठेवता. मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "डावी. पंखाच्या पुढची. आणि ऊन कुठून येतं ते आधी बघ." ती बघतच राहिली. "तुला कसं माहीत? तू तर विमानात बसायला कधीच तयार नसतेस!" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ती गेल्यावर मेथी तशीच पडून राहिली आणि मी कागद घेऊन तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बत्तीस वर्षं झाली, आईला त्याहून वीस जास्त. तुम्हाला लांबलचक पत्र लिहायची सवय मला कधीच नव्हती. सासरी गेल्यावर मी कार्डं टाकायची ती चार ओळींची, इकडे सर्व ठीक, तब्येतीस जपावे, एवढीच.

तुम्ही नगरकडच्या कर्जतला मोजणी खात्यात होता. तालुक्यातली निम्मी रानं तुमच्या साखळीखालून गेली असतील. सायकलच्या दांडीला झेंड्यांची मोळी बांधलेली, मागे कॅरिअरवर साखळी, आणि पाठीवर नकाशांची गुंडाळी ठेवलेला पत्र्याचा नळा, असे तुम्ही घराबाहेर पडायचात. शाळेला सुट्टी असली की झेंडी धरायला मला न्यायचात. एकदा कोपर्डीकडच्या एका बांधावर बोरीचे काटे होते म्हणून मी पाऊलभर अलीकडे उभी राहिले. तुम्ही लांबून ओळखलंत. चार लोकांदेखत माझ्यावर ओरडलात, "पाऊलभर सरकलीस तर कुनाचं तरी पाऊलभर रान जातं! पायात काटा मोडला तर मी काढीन. नकाशातली चूक कोन काढनार?" मी रडत रडत काट्यांत जाऊन उभी राहिले. घरी आल्यावर तुम्ही माझा पाय मांडीवर घेतलात आणि सुईने तीन काटे काढलेत. आईच बोलली चुलीपुढून, "लेकराला असं बोलत्यात व्हय? दगडाच्या खुना सांभाळून मानूस दगडच हुतंय."

त्याच आईला पुढे चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागू लागली. बहात्तरचा दुष्काळ होता. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना ती दर दोन भाकरींनंतर थांबायची, छातीवर पालथा हात ठेवून. मग आडवं झालं की जीव घाबरा व्हायला लागला. वाकळांची चवड पाठीला लावून ती बसल्या बसल्याच झोपायची. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप अरुंद झाली आहे, शस्त्रक्रिया हाच इलाज. पण त्यांच्याकडे कित्येक महिने नंबर लागणार नव्हता. हैदराबादला मामा होता. त्याने तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवलं. मुंबईत शेवटच्या तपासण्या करायच्या, कागद घ्यायचे आणि तिथूनच परस्पर हैदराबादला यायचं. आगगाडीचा एवढा लांबचा प्रवास तिला सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामाने विमानाची दोन तिकिटं पाठवली, एक आईचं आणि एक सोबत करणाऱ्याचं.

ती तिकिटं आली तो दिवस मला अजून दिसतो. दुपारची वेळ आहे, तुम्ही जेवायला घरी आला आहात. आई स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून बसली आहे. तुम्ही पाकीट वाचता, हात धुता, आणि पत्र्याच्या नळ्यातून महाराष्ट्राचा आणि शेजारच्या मुलखाचा मोठा नकाशा काढून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरता. त्याच्या चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या आणि माझं दप्तर. "सुईतला दोरा दे," तुम्ही मला म्हणता. मुंबईवर एक टोक मी बोटाने दाबते, हैदराबादवर दुसरं टोक तुम्ही. दोरा ताणतो. तुम्ही वाकून बघता आणि लहान मुलासारखे हसता.

"अगं, हे बघ! आपल्या आन् भीमेच्या मधनं जातंय. कर्जत दोऱ्याच्या वरल्या अंगाला, भीमा खालच्या अंगाला."

"म्हंजी काय?" आईने विचारलं.

"म्हंजी विमानात डाव्या बाजूला बसलं की आपलं गाव दिसनार. घर दिसनार. तुझं मिरजगाव दिसनार. सीना नदी दिसनार. आन् उजव्या बाजूला बसलं की नुसती भीमा."

आई तेवढ्यावरही दमली, पण हसली. "मी माझं मिरजगाव सोडून कर्जतला आले, त्ये सुदा बैलगाडीतनं, डोक्यावर पदर वढून. धड रस्ता न्हाई बघितला मी. आता वरनं बघू म्हन्ता?"

"म्हनूनच बघायचं," तुम्ही म्हणालात. आणि मग हळू आवाजात, नकाशाकडेच बघत, "मी जन्मभर जमीन वरनं काढली. बघितली मातर खालनंच."

सोबतीला कोण जाणार हे त्या क्षणापर्यंत कुणीच बोललं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही जाणार. आईलाही तेच वाटत होतं. तुम्ही नकाशाची गुंडाळी करत म्हणालात, "पोरीला न्हे. बायकांच्या वार्डात बाईमानूसच लागतं. मी आगगाडीनं येतो, आपरेशनच्या आधी." मी सतरा वर्षांची होते, नाना. तुमच्या चेहऱ्याकडे बघायचं मला सुचलं नाही. मी विमानात बसणार होते, एवढंच मला कळलं.

त्यानंतरचे आठ दिवस तुम्ही जणू विमानातल्या जागेचीच मोजणी करत होता. नगरला कचेरीच्या कामाला गेला होता तेव्हा लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांना गाठलंत, कारण ते विमानात बसले होते. घरी येऊन आम्हाला सगळं समजावून सांगितलंत. पंखाच्या वर जागा घ्यायची नाही, खाली नुसता पंखच दिसतो. पुढे बसायचं. माघातला सूर्य दक्षिणेच्या अंगाने चालतो, तेव्हा सकाळी ऊन उजव्या खिडक्यांत येणार, डोळे दिपणार. डावीकडे सावली, सगळं स्वच्छ दिसणार. आणि आईला वाचता येत नव्हतं म्हणून नकाशे उतरवायच्या पातळ कापडाचा हातभर तुकडा घेऊन तुम्ही तिच्यासाठी वेगळा नकाशा काढलात. मधोमध लाल शाईची सरळ रेघ, म्हणजे विमान. रेघेच्या वर क्रमाने घाट, घोड नदी, मग कर्जत, तिथे आमचं घर म्हणून एक चौकोन आणि त्यात चूल. पुढे वर मिरजगाव, तिथे एक चिंच. शेवटी सीना. गावांची नावं कुठेच नव्हती, नुसती चित्रं. रेघेच्या खाली तुम्ही काहीच काढलं नव्हतं. तिकडे तिने बघायचंच नव्हतं.

तुम्ही आम्हाला मुंबईला पोचवलंत, पण थांबता आलं नाही. दुष्काळी कामांची आखणी तुमच्या खात्याकडे होती. मिरजगावच्या रस्त्याला पाझर तलावाचं काम निघालं होतं, माणसं टोपल्या घेऊन बसून होती, आणि रजा संपल्याची तार आली. निघताना इस्पितळाच्या व्हरांड्यात तुम्ही मला उभं करून पाठ घेतलात. "दारातनं आत शिरलीस की तोंड फुडं कर. डावा हात कुठला?" मी हात वर केला. "त्या हाताला बसायचं. जागेला नंबर नसत्यात, जो आधी चढंल त्याची खिडकी. आईला घिऊन आधी चढा. आन् खिडकीशी तिला बसव, तू न्हाई." मग आईच्या खाटेपाशी गेलात. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "या लौकर," आणि तुम्ही म्हणालात, "साडेधाच्या सुमाराला मी तलावावर आसन. वर बघीन."

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी उठून पाणी पिऊन आले.

आम्ही आधी चढलो नाही, नाना. सांताक्रूझच्या विमानतळावर इमारतीपासून विमानापर्यंत चालत जायचं होतं. सगळे भराभर पुढे गेले. आई चार पावलं टाकायची आणि थांबायची. शिडीपाशी आलो तेव्हा खाली आम्ही दोघीच उरलो होतो. एकेका पायरीवर ती दम घेत होती. आत गेलो तर डावीकडच्या सगळ्या खिडक्या भरलेल्या. पंखाच्या पुढे, तुम्ही म्हणाला होता तिथेच, एक कोटवाले गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते. बाहेर बघतही नव्हते. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, आईला बरं नाही, तिला खिडकीशी बसू द्याल का? आज मी कुणालाही म्हणेन. तेव्हा माझ्या अंगावर धुऊन विटलेलं परकर-पोलकं होतं, पायात रबरी चपला, आणि मला ते म्हणवलं नाही. आई म्हणाली, "आसू दे. जिथं हाय तिथं बस." उजवीकडे, पंखाच्या मागे दोन जागा होत्या. मी तिला आत सरकवायला लागले तर तिने मान हलवली. "मला गरगरतंय. तूच बस खिडकीशी. बघ आन् मला सांग." तिने डोळे मिटले. तुम्ही काढलेला नकाशा तिच्या मुठीत होता, मूठ मांडीवर.

विमान वर गेलं. समुद्र कलंडला. मग घाट आले, आणि घाट संपल्यावर सगळी जमीन भाकरीसारखी भाजलेली, उघडी. उजवीकडून ऊन येत होतं, डोळे दिपत होते, तरी मी कपाळ काचेला लावून बसले होते. विहिरी काळ्या ठिपक्यांसारख्या. बांध दिसत होते, नाना, तुमचे बांध, अगदी तुम्ही काढायचात तसे बारीक रेघांचे, आणि मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही खरं काढत होता. मग रुंद वाळूचा पट्टा आणि त्यात पाण्याचा एक धागा. ती भीमा. तिच्यावर एक पूल, आणि पुलावरून धूर सोडत चाललेली इवलीशी आगगाडी. त्याच वेळी माझ्या पाठीकडे, डाव्या बाजूच्या त्या वर्तमानपत्रवाल्याच्या खिडकीत, कर्जत येणार होतं. मी उठून तिकडे जाऊन वाकून बघू शकले असते. मी उठले नाही.

जरा वेळाने आईने डोळे उघडले. "गेलं का गं आपलं गाव?"

"गेलं असंल," मी म्हणाले.

ती माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या नानास्नी सांग, समदं दिसलं म्हनून. म्हनावं, घर दिसलं, चिंच दिसली. त्यांनी लई मन लावून काढलंय."

शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी झाली. तुम्हाला तार केली, तुम्ही निघालात, पण दौंड, सोलापूर, वाडी अशा गाड्या बदलत तुम्ही पोचलात तेव्हा आईला मामाच्या घरी ओसरीवर ठेवलं होतं. तुमच्या धोतराला तलावाची माती तशीच होती. तुम्ही तिच्या उशाशी बसलात. तिच्या कपाळावरचे केस मागे सारलेत, जिवंतपणी कुणासमोर कधी केलं नव्हतं तसं. सगळे रडत होते, तुम्ही रडला नाहीत. मग माझ्याकडे बघून विचारलंत, "दिसलं का गं तिला?"

मी म्हणाले, "व्हय नाना. सगळं दिसलं."

"मी पन बघितलं," तुम्ही म्हणालात. "तलावावरनं. आवाज आला तसा हात वर केला. माझं बघून टोपलीवाल्या बायांनी पन केलं. समद्यांनी केलं."

घरी परत आल्यावर महिनाभराने असेल. मी चुलीपुढे मिलोची भाकरी थापते आहे, ती सारखी चिरते आहे. तुम्ही तिचा नकाशा घेऊन पाटावर बसलात. घड्या पडून कापड चुरगळलं होतं, तिच्या मुठीच्या घामाने लाल रेघ एका ठिकाणी फुटली होती. "नीट सांग," तुम्ही म्हणालात. "काय काय बघितलं तिनं? एकामागनं एक सांग." शेजारी शाईची दौत होती. तिने पाहिलेलं तुम्हाला त्यात भरायचं होतं. मी सांगत गेले. घाट, घोड, सगळं तुमच्याच नकाशातलं. पण तुम्ही अजून विचारत होता, "आनखी?", आणि माझ्याकडचं संपलं. म्हणून मी खरोखर बघितलेलं एक सांगितलं. म्हटलं, नदीवर पूल होता, त्याच्यावरनं धुराची गाडी चालली होती, आई म्हणाली, किती बारीक दिसतीय बघ.

तुमचा टाक थांबला.

तुम्ही नकाशाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मला वाटलं, आईच्या बोलण्याने तुम्हाला भरून आलं. "कुठल्या अंगाला पूल?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "आम्ही बसलो होतो तिकडंच. डावीकडं." तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला तरी मी हलले नाही. मग तुम्ही म्हणालात, "व्हय. डावीकडंच असनार." आणि टाक बुडवून, रेघेच्या वरच्या बाजूला, कर्जतच्या अलीकडे, तुम्ही पूल काढलात. त्याच्यावर गाडी काढलीत, आणि धूरसुद्धा.

मला ते कळायला बारा वर्षं लागली. धाकट्याला कडेवर घेऊन मी माहेरी येत होते. दौंड सोडल्यावर गाडी भीमेच्या पुलावर मंदावली, खाली वाळूचा तोच रुंद पट्टा. दौंडचा पूल तुमच्या दोऱ्याच्या खाली येतो. उजव्या खिडकीशी बसलेल्यालाच तो दिसणार. मोजणीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तुम्हाला ते ऐकता क्षणी कळलं होतं. आम्ही कुठल्या बाजूला बसलो, तिने घर बघितलं नाही, चिंच बघितली नाही, मी खोटं बोलले, सगळं. पाऊलभर चुकीसाठी पोटच्या पोरीला काट्यांत उभं करणाऱ्या माणसाने नदीवरचा अख्खा पूल उचलून पलीकडे ठेवला, पक्क्या शाईने, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

त्या दिवशी मी ठरवून आले होते की बोलायचं. तुम्ही अंगणात आरसा खिळ्याला टांगून दाढी करत होता. निम्म्या गालाला साबण होता. नातवाला बघून तसेच पुढे आलात. "गाडीत गर्दी हुती का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "नव्हती." तेवढंच. त्यानंतर तुम्ही कितीतरी वर्षं होता. मी दर दिवाळीला येत राहिले, आणि दर वेळी वाटायचं, आता नको, जेवण झाल्यावर. आता नको, निघताना. मग एका दिवाळीच्या आधीच तार आली.

नाना, हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. पुलाचं तुम्हाला माहीत होतं, ते काही मी आता सांगत नाही. तुम्हाला माहीत नसलेलं एकच आहे, आणि ते मी ना माझ्या नवऱ्याला सांगितलं, ना मुलांना. विमानात मी सुखात होते. एवढं सुख मला आधी कधी झालं नव्हतं. खाली सगळं जग उघडं पडलं होतं, आणि शेजारी कोण बसलं आहे, कुठे चाललो आहोत, काही काही माझ्या ध्यानात नव्हतं. खाली घाट मागे पडत होते तेव्हा आईने मला हाक मारली. पुन्हा एकदा मारली. तिसऱ्यांदा तिने माझ्या बाहीला हात लावला तेव्हा मी वळले आणि म्हणाले, आवाजात ऐकू नाही आलं गं. तिला पाणी हवं होतं, ओठ कोरडे पडले होते. मी पाणी मागून दिलं, ती घोटभर प्यायली आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

मला पहिलीच हाक ऐकू आली होती.